बांगड्या भरलेला दगडी हात

आपल्या इतिहासाच्या गप्पांत आज आपण एका वस्तुसंग्रहालयात जाणार आहोत. हे संग्रहालय जुन्या गोव्यात आहे आणि एका जुन्या ख्रिस्ती मठात भरलेलं आहे. कोकण रेल्वेनं करमळी स्टेशनला उतरलं की जुनं गोवं अगदी जवळ. गोव्याला सहलीला जाणाऱ्या पुष्कळ जणी सेंट झेवियरचं चर्च बघतात, बाहेर फोटो काढतात आणि समुद्रावर जायच्या घाईत गाडीत बसतात. रस्ता ओलांडून पलीकडे गेलं की मोठ्या कॅथेड्रलच्या मागच्या अंगाला असिसीच्या संत फ्रान्सिसचं चर्च लागतं. त्याला लागून जो मठ आहे, त्यात हे संग्रहालय आहे. आमच्या बोरिवलीच्या बचत गटांची सहल गेली तेव्हा आम्ही मुद्दाम तिथे दोन तास काढले. त्या दोन तासांत जे बघितलं ते तुमच्याही गावच्या वेशीवर असू शकतं, म्हणून आजचा हा विषय.

आधी मठाबद्दल सांगते. फ्रान्सिस हा इटलीतल्या असिसी गावच्या एका श्रीमंत कापड व्यापाऱ्याचा मुलगा. सुमारे आठशे वर्षांपूर्वी त्यानं घरदार सोडलं आणि गरिबीत राहायचं व्रत घेतलं. त्याच्या मार्गानं जाणारे साधू अंगात जाडाभरडा झगा घालत आणि कमरेला दोरी बांधत. हे साधू १५१७ साली गोव्यात आले. पोर्तुगिजांनी गोवा घेतलं त्याला तेव्हा सातच वर्षं झाली होती. त्यांनी आधी छोटं प्रार्थनाघर बांधलं, मग चर्च आणि मठ. आज दिसतं ते चर्च १६६१ साली नव्यानं बांधलेलं आहे, पण जुन्या चर्चचा कोरीव दरवाजा तेवढा त्यांनी तसाच ठेवला.

मठाची इमारत आपल्याला परकी वाटत नाही. मधे उघडा चौक, चारी बाजूंनी ओसरी आणि ओसरीला लागून खोल्या. आपल्याकडच्या जुन्या चौसोपी वाड्यासारखीच ही मांडणी. फरक एवढाच की इथे संसार नव्हता. प्रार्थना, अभ्यास आणि धर्मप्रसार एवढंच काम होतं.

ह्याच पंथाचे साधू सोळाव्या शतकात आमच्या बोरिवलीतही आले होते. बोरिवलीला मंडपेश्वर नावाचं शंकराचं लेणं आहे, सहाव्या शतकाच्या सुमाराचं. साधूंनी त्या लेण्याचं चर्च केलं आणि वरच्या खडकावर मठ बांधला. १७३९ साली मराठ्यांनी वसई जिंकली, साष्टी बेटावरची पोर्तुगीज सत्ता गेली, आणि लेण्यात पुन्हा महादेव आला. वरच्या मठाच्या पडक्या भिंती अजून उभ्या आहेत. जागा तीच, पण राज्य बदललं की देव बदलले.

गोव्यातल्या मठाचं असं झालं नाही. जुनं गोवं एकेकाळी फार श्रीमंत शहर होतं. मग साथीचे रोग आले, लोक शहर सोडून गेले, गव्हर्नरही हलले, आणि १८४३ साली पणजी अधिकृत राजधानी झाली. त्याआधी १८३५ साली पोर्तुगीज सरकारनंच सगळे मठ बंद करायला लावले होते. साधू निघून गेले. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झालं, आणि १९६४ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानं ह्या रिकाम्या मठात संग्रहालय सुरू केलं. १९८६ पासून जुन्या गोव्यातली चर्च आणि मठ जागतिक वारसा म्हणून नोंदलेले आहेत.

आता आत जाऊ. सुरुवातीलाच एक मोठा ब्राँझचा पुतळा दिसतो. तो अफोन्सो द अल्बुकर्कचा, म्हणजे १५१० साली गोवा जिंकणाऱ्या पोर्तुगीज सेनापतीचा. हा पुतळा पूर्वी पणजीत भर चौकात होता. गोवा मुक्त झाल्यावर तो तिथून हलवून इथे आणला. वरच्या मजल्यावर तसबिरींचं दालन आहे. गोव्यावर राज्य केलेल्या पोर्तुगीज व्हाइसरॉय आणि गव्हर्नरांची तिथे साठच्या आसपास मोठी चित्रं आहेत. १५४७ साली जुआंव द कास्त्रो नावाच्या गव्हर्नरानं ही चित्रं काढून घ्यायची प्रथा पाडली. प्रत्येकाचं नाव माहीत, हुद्दा माहीत, घराण्याचं चिन्हसुद्धा माहीत. चारशे वर्षांहून जास्त काळाचा कारभार त्या भिंतींवर आहे आणि त्यात राज्य करणारी एकही बाई नाही.

मग बाया कुठे आहेत? त्या खालच्या दालनात आहेत, दगडांमध्ये.

खाली पोर्तुगिजांच्या आधीच्या काळातली शिल्पं आहेत. विष्णू आहे, सूर्य आहे, शिलालेख आहेत. ह्यातला काही काळ कदंब राजांचा. सोळाव्या शतकात गोव्यात पुष्कळ देवळं पाडली गेली. मंगेशी, शांतादुर्गा असे देव भक्तांनी नदीपार फोंड्याकडे नेले. महाराष्ट्रातल्या कितीतरी घराण्यांचं कुलदैवत गोव्यात आहे, त्यामुळे ही हकिगत आपल्यातल्या अनेकींच्या घरातली आहे. जे दगड मागे राहिले, मोडले, मातीत गेले, त्यातलेच काही अशा संग्रहालयात पुन्हा दिसतात. आमच्यातली एक काकू म्हणाली, "बघ, देवांना शेवटी साधूंच्या घरातच आसरा मिळाला."

ह्याच दालनात वीरगळ आहेत आणि सतीच्या शिळा आहेत. वीरगळ तुम्ही नक्की पाहिला असेल. मारुतीच्या देवळामागे, पारावर, वेशीजवळ शेंदूर लावलेला उभा दगड, त्यावर माणसं आणि घोडे कोरलेले. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचं स्मारक. तो खालून वर वाचायचा. सगळ्यात खाली लढाई किंवा पडलेला वीर. मधल्या पट्टीत अप्सरा त्याला वर नेतात. त्याच्या वर तो महादेवाच्या पिंडीची पूजा करतो, म्हणजे कैलासाला पोचला. माथ्यावर कलश असतो आणि चंद्रसूर्य असतात. चंद्रसूर्य असेपर्यंत ही आठवण राहो, असा त्याचा अर्थ.

आमच्या बोरिवलीत एक्सर गावठाणात असे सहा वीरगळ एका रांगेत आहेत. त्यातले मोठे दहा फुटांच्या आसपास उंच आहेत. त्यांवर घोड्यांबरोबर गलबतं आहेत, वल्ह्यांच्या रांगा आहेत, समुद्रावरची लढाई आहे. शिलाहार राजांच्या काळातल्या लढाईची ही आठवण मानतात. गोव्याच्या कदंबांच्या काळातल्या वीरगळांवरही अशी गलबतं दिसतात. कोकणपट्टीतली माणसं समुद्रावर लढत होती, ह्याचा पुरावा आमच्या गल्लीत उभा आहे आणि शेजारून रिक्षा जातात.

आता सतीशिळेकडे या. हा दगड ओळखायची खूण एकच. एका खांबातून कोपरात वाकलेला बाईचा हात बाहेर आलेला असतो, पंजा उघडा, बोटं वर, आणि हातात बांगड्या भरलेल्या. बांगड्या फुटलेल्या नाहीत. म्हणजे नवरा गेला तरी ही विधवा झाली नाही, सौभाग्यासहित गेली, असं ती शिळा सांगते. खाली कधी नवराबायको पिंडीसमोर बसलेली दिसतात, वर चंद्रसूर्य असतात. पूर्ण बाई दिसत नाही, दिसतो तो फक्त हात. आणि बहुतेक शिळांवर तिचं नाव नसतं.

त्या दगडासमोर आमच्या गटाच्या बाया बराच वेळ उभ्या राहिल्या. एकीनं विचारलं, "ती स्वतःहून गेली असेल की ढकलली असेल?" ह्याचं उत्तर दगड देत नाही. ज्यांनी शिळा उभी केली त्यांना जे सांगायचं होतं तेवढंच तो सांगतो. आपण एवढं समजून घ्यावं की सगळ्याच विधवा सती जात नव्हत्या. ही चाल जास्त करून राजघराण्यांत आणि लढवय्या, मानाच्या घरांत होती. दगड घडवायला, उभा करायला पैसा लागतो. कुळाचा मान त्या दगडात होता. म्हणून दगडावर कुळाचा गौरव आला आणि बाईचं नाव राहून गेलं.

आता गंमत बघा. दारातला तो पुतळा आठवतो ना? त्याच अल्बुकर्कनं गोवा घेतल्यावर सतीची चाल बंद केली. इंग्रजांच्या मुलखात सतीबंदी यायला पुढे तीनशे वर्षं लागली. १८२९ साली ती बंगालमध्ये आली आणि पुढच्या वर्षी आपल्या मुंबई इलाख्यात. पण म्हणून अल्बुकर्कला बायांचा कैवारी म्हणायची घाई नको. गोवा जिंकल्यावर त्यानं तिथल्या मुसलमानांची मोठी कत्तल केली. उरलेल्या स्त्रियांची लग्नं आपल्या शिपायांशी लावून दिली, म्हणजे पोर्तुगिजांची वस्ती वाढेल. त्या बायांना कोणी विचारलं होतं का? पुढे १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली थोडी वर्षं सोडली तर, गोव्यात धर्मन्यायालय होतं. घरात काय शिजतं आणि सण कसा करतात ह्यावरसुद्धा त्याची नजर होती. एकाच माणसानं केलेली एक गोष्ट चांगली आणि दुसरी वाईट असू शकते. इतिहास वाचताना दोन्ही बाजू पदरात घ्याव्या लागतात.

फ्रान्सिसच्या मठातून बाहेर पडून टेकडीकडे चालत गेलं की दुसरा एक मठ लागतो, सांता मोनिका. हा बायांचा मठ. १६०६ साली त्याची स्थापना झाली आणि १६२७ पर्यंत बांधकाम चाललं. तो जोगिणींचा मठ म्हणजे नन्सचा. आत यायला हुंडा द्यावा लागे, त्यामुळे बहुतेक जणी खात्यापित्या पोर्तुगीज घरातल्या. ह्या मठाकडे इतका पैसा आणि जमीनजुमला जमला की शहरातली प्रतिष्ठित मंडळी पोर्तुगालच्या राजाकडे तक्रारी करू लागली. बायांच्या हाती पैसा जमला की कुणाच्या तरी डोळ्यांत खुपतो, हे आपल्याला नवीन नाही. पुढे मठबंदीच्या काळात नवीन मुली घ्यायला मनाई झाली. आत होत्या त्या म्हाताऱ्या होत गेल्या. शेवटची नन १८८५ साली वारली आणि मठ बंद झाला. आता तिथे ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे. गोव्याचा बेबिंका, तो थरावर थर भाजून केलेला गोड पदार्थ, ह्याच मठातल्या बिबियाना नावाच्या ननने पहिल्यांदा केला अशी आख्यायिका आहे. खरं खोटं देव जाणे, पण एका बाईचं नाव लोकांनी गोडात जपलंय.

मग बायांची नावं दगडावर कधी आलीच नाहीत का? आली आहेत, आणि तीही मठांतच. फक्त त्यासाठी ख्रिस्ती मठांच्या मागे दीड हजार वर्षं जावं लागतं, आपल्याकडच्या डोंगरात कोरलेल्या बौद्ध मठांकडे, म्हणजे लेण्यांकडे. बोरिवलीच्या जंगलातली कान्हेरीची लेणी हा असाच मठ, शंभराहून अधिक लेण्यांचा. कुणी खोली कोरून दिली, कुणी पाण्याची टाकी, कुणी शेताचं उत्पन्न, ते भिंतीवर लिहिलेलं आहे. देणाऱ्यांत व्यापारी आहेत, तशा घरच्या बाया आहेत आणि भिक्षुणीही आहेत.

नाशिकच्या पांडवलेण्यात तर फार स्पष्ट आहे. नहपान राजाची मुलगी दक्षमित्रा, तिनं तिथे खोल्या दान दिल्याचा लेख आहे. खोलीला त्यात ओवरक म्हटलंय, आपल्या ओवरीशी नातं सांगणारा शब्द. तिचा नवरा उषवदात ह्यानं त्याच लेण्यात तीन हजार कार्षापण नाणी कायमची ठेव म्हणून दिली. दोन हजार विणकरांच्या एका मंडळाकडे, दर महिना शेकडा एक व्याजानं. एक हजार दुसऱ्या मंडळाकडे, शेकडा पाऊण व्याजानं. मुद्दल हलवायचं नाही, व्याजातून भिक्षूंचा कपडा आणि खर्च. आपल्या गटाच्या वहीत लिहितो तशीच ही नोंद, फक्त खडकावर. आणि त्याच डोंगरावर गौतमी बलश्रीचा लेख आहे. तिच्या मुलाचं नाव गौतमीपुत्र सातकर्णी. सातवाहन राजे आईच्या नावानं ओळखले जात, गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचं नाव आणि मग वडिलांचं नाव लावायचं ठरलं. लोकांना वाटलं काहीतरी नवीनच काढलंय. पण ही रीत ह्या मातीत होती.

दक्षमित्रेची आणि सतीशिळेची तुलना करा. एकीचं नाव एकोणीसशे वर्षं टिकलं, कारण तिनं स्वतः काही दिलं आणि ते स्वतःच्या नावानं लिहून घेतलं. दुसरीचा नुसता हात राहिला, कारण तिच्याबद्दल दुसऱ्यांनी लिहिलं. अर्थात दक्षमित्रा राजाची मुलगी होती. पण कान्हेरीत साध्या घरच्या बायाही आहेत. म्हणजे मोठेपणाइतकंच ह्यात कागदाला महत्त्व आहे. तेव्हा कागद दगडाचा होता, आज सातबारा आहे, पासबुक आहे, घराचा उतारा आहे. १९९२ साली महाराष्ट्र शासनानं परिपत्रक काढलं की नवऱ्यानं अर्ज दिला तर जमिनीच्या सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येतं. तेव्हापासून तीस वर्षं उलटली. तुमच्या गटात किती जणींचं नाव सातबाऱ्यावर आहे? पुढच्या बैठकीत हा एक प्रश्न विचारा. उत्तर वहीत लिहा.

आता दुसरं काम, आपल्या गावच्या दगडांचं. वेशीवरचे वीरगळ आणि सतीशिळा अजून पुष्कळ गावांत पडून आहेत. कुठे त्यावर धुणं धुतात, कुठे ते पायरीला बसवलेत, कुठे ऑइलपेंट मारलाय. ऑइलपेंटनं आणि सिमेंटनं कोरीव काम बुजतं, ते करू देऊ नका. पूजा होत असेल तर हळदकुंकू, फूल चालेल. दगड आपल्या मनानं हलवू नका. मोबाइलवर समोरून आणि बाजूनं फोटो काढा, जागा लिहून ठेवा, गावातल्या म्हाताऱ्या बायांना त्याची गोष्ट विचारा, आणि ग्रामपंचायतीला कळवा. आपल्या राज्यात पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय आहे, त्यांनाही पत्र पाठवता येतं.

रोजगार हमीवर, विहिरीवर, शेततळ्यावर खणताना नाणी किंवा मूर्ती सापडली तर काय करायचं, हेही सांगते. १८७८ सालचा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. वाटून घेतली, सोनाराला वितळवायला दिली तर गुन्हा होतो. आणि १९७२ च्या कायद्यानं शंभर वर्षांपेक्षा जुन्या अशा मूर्ती, नाणी देशाबाहेर न्यायला बंदी आहे. पंचांसमोर पंचनामा करून घ्या, त्यात सापडणाऱ्या बाईचं नाव घालायला लावा.

सतीच्या शिळेबद्दल एक गोष्ट जपून बोलावी लागते. काही ठिकाणी तिला सतीआई म्हणून नवस बोलतात. १९८७ साली राजस्थानात देवराळा गावी अठरा वर्षांची मुलगी सती गेली, त्यानंतर कायदा झाला. त्या कायद्यानं सतीचा गौरव करायलाही बंदी आहे. म्हणून शिळा फोडायची नाही आणि जत्राही भरवायची नाही. शिळा साक्षीदार म्हणून ठेवायची. मुलींना तिच्यापुढे उभं करून सांगायचं की असं होत होतं, आणि ते थांबवायला लोकांना झगडावं लागलं.

गोव्याला गेलात तर हे संग्रहालय नक्की बघा. शुक्रवारी ते बंद असतं, तेवढं लक्षात ठेवा. आधी खालच्या दालनातला बांगड्या भरलेला हात बघा, मग वरच्या तसबिरी. हा क्रम ठेवलात तर साठ मोठ्या माणसांच्या रांगेत काय नाही ते आपोआप दिसेल. आणि गोव्याला जाणं जमलं नाही तरी काही बिघडत नाही. वेशीवरच्या दगडापासून सुरुवात करा. त्यावर हात कोरलेला असेल तर बांगड्या मोजा, आणि ती कोण होती हे गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजीला विचारा. तिला नाव माहीत असेल तर ते आपल्या गटाच्या वहीत आजच्या तारखेनं लिहून ठेवा.